विश्लेषण : हत्तीपायावरची गोळी शोधणारे डॉ. सुब्बाराव कोण होते? आपल्या दारात येणाऱ्या तीन गोळ्यांची गोष्ट

आशा सेविका दारात येते, घरात किती माणसे आहेत ते विचारते, वय लिहून घेते, उंची मोजते आणि तळहातावर गोळ्या ठेवते. हत्तीरोग मोहिमेचे हे दृश्य नागपूर जिल्ह्याला नवे नाही. उमरेडसारख्या तालुक्याच्या गावात दोन माणसे गोळ्या तिथेच गिळतात, तिसरा ‘जेवल्यावर घेतो’ म्हणून त्या फ्रिजवर ठेवतो आणि मग त्या तिथेच राहतात.

या गोळ्यांतली एक गोळी १९४७ची आहे. ती ज्या प्रयोगशाळेत सापडली तिचे प्रमुख आंध्रातल्या भीमवरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. फोलिक अॅसिड, कर्करोगावरचे मेथोट्रेक्सेट आणि टेट्रासायक्लिन वर्गातले पहिले प्रतिजैविक या तिन्हींच्या मागेही त्यांचाच विभाग होता. तरीही रस्त्यात दहा जणांना विचारले तर त्यांचे नाव एखाद्यालाच ठाऊक असेल. हा माणूस कोण होता, त्याची गोळी काय करते आणि आता एकीच्या जागी तीन गोळ्या का द्याव्या लागतात, ते समजून घेऊ.

हत्तीरोग नेमका कशामुळे होतो?

हत्तीरोग म्हणजेच फायलेरिया हा डासांमार्फत पसरणारा आजार आहे. आपल्याकडे तो मुख्यतः ‘वुचेरेरिया बँक्रॉफ्टी’ या सुतासारख्या बारीक कृमीमुळे होतो आणि ‘क्युलेक्स’ जातीचा डास तो पसरवतो. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो. हा मात्र तुंबलेल्या नालीत, उघड्या डबक्यात आणि संडासाच्या टाकीत वाढतो.

पूर्ण वाढलेले कृमी लसीकावाहिन्यांत राहतात. शरीरातले जादा पाणी आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी वाहून नेणारे हे आपले दुसरे नळ. तिथे नर-मादी कृमी काही वर्षे जगतात आणि मादी लाखो सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडत राहते. ही पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री बाहेरच्या रक्तात येतात. हा डासही रात्रीच चावतो. आरोग्य विभागाची माणसे रक्ताचा नमुना घ्यायला रात्री उशिरा येतात ती यासाठीच.

संसर्ग झालेल्या बहुतेकांना अनेक वर्षे काहीच जाणवत नाही. दरम्यान नळ खराब होत जातात. मग पाय सुजतो, कातडी जाड होते, पुरुषांमध्ये अंडवृद्धी होते. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया करता येते, पण एकदा हत्तीसारखा झालेला पाय गोळीने पूर्ववत होत नाही. म्हणून औषध आजारी दिसणाऱ्यालाच देऊन भागत नाही, ठणठणीत दिसणाऱ्यालाही द्यावे लागते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा पूर्व विदर्भ या आजाराच्या पट्ट्यात येतो.

सुब्बाराव यांचे बालपण कसे गेले?

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या भीमवरम येथे झाला. वडील महसूल खात्यात होते, पण प्रकृतीमुळे त्यांना नोकरी लवकर सोडावी लागली. घरची ओढाताण होती. मुलाचे अभ्यासात लक्ष नव्हते. मोठेपणी जगाला चकित करणारे संशोधन करणारा हा मुलगा मॅट्रिकला दोनदा नापास झाला आणि तिसऱ्या खेपेला पास झाला. मधल्या काळात वडील गेले. मुलगा शिकलाच पाहिजे, हा आईचा आग्रह मात्र सुटला नाही.

मद्रासला शिकत असताना त्यांना रामकृष्ण मिशनची ओढ लागली. संन्यास घ्यावा असे त्यांच्या मनात होते. पण वैद्यकीय शिक्षण घेऊन लोकांची सेवा करावी, असा सल्ला त्यांना मिळाला आणि ते मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले.

तिथे खादीमुळे अडचण आली. गांधीजींच्या हाकेला प्रतिसाद देऊन सुब्बाराव खादीचा कोट घालून शस्त्रक्रियेच्या वर्गात जाऊ लागले. इंग्रज प्राध्यापकाला ते रुचले नाही. अभ्यासक्रम पूर्ण होऊनही त्यांच्या हाती एमबीबीएसची पूर्ण पदवी आली नाही. त्याऐवजी एलएमएस हे दुय्यम प्रमाणपत्र मिळाले. एका कोटाची ही किंमत त्यांना पुढे परदेशातही मोजावी लागली.

याच वर्षांत घरावर मोठा आघात झाला. त्यांचे दोन भाऊ थोड्या दिवसांच्या अंतराने ‘स्प्रू’ या आजाराने गेले. स्प्रू हा उष्ण प्रदेशातला आतड्यांचा विकार आहे. खाल्लेले अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत, रक्त कमी होते आणि माणूस झिजत जातो. त्या काळी त्यावर खात्रीचे औषध नव्हते.

सरकारी वैद्यकीय सेवेत जागा मिळाली नाही, तेव्हा सुब्बाराव मद्रासमध्ये डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. १९१९ मध्ये त्यांचे लग्न झाले. सासऱ्यांची मदत आणि काकिनाड्याच्या एका धर्मादाय निधीचा आधार यांवर त्यांनी अमेरिकेचे तिकीट काढले. पत्नी शेषगिरी मागे राहिल्या. काही वर्षांत परतायचे असे ठरले होते. ते परत कधीच आले नाहीत. ते गेल्यावर जन्मलेला मुलगा तान्हेपणीच गेला, त्याला त्यांनी पाहिलेही नाही.

हार्वर्डमध्ये त्यांनी काय शोधले?

१९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बोस्टनला पोहोचले. उष्णकटिबंधीय आजारांचा अभ्यास करायला हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला, पण तिथे शिष्यवृत्ती नव्हती आणि एलएमएसच्या बळावर डॉक्टर म्हणून काम मिळणे शक्य नव्हते. मग दिवसा वर्ग आणि रात्री रुग्णालयात हरकाम्याची नोकरी, असे दिवस त्यांनी काढले.

पदविका घेतल्यावर ते हार्वर्डच्या जीवरसायन विभागात सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करू लागले. १९२५ मध्ये दोघांनी रक्त आणि लघवीतले फॉस्फरस मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नमुन्यात ठरावीक रसायने घातली की निळा रंग येतो. रंग जितका गडद, तितका फॉस्फरस जास्त. उपकरण साधे, वेळ थोडा आणि आकडा भरवशाचा. ‘फिस्के-सुब्बाराव पद्धत’ या नावाने ती जगभरच्या प्रयोगशाळांत गेली. जीवरसायन शिकणारी मुले आजही हे नाव वाचतात.

मोजमाप हाती आल्यावर त्यांनी ते स्नायूंवर वापरून पाहिले. स्नायू काम करतो तेव्हा त्याला ऊर्जा कुठून मिळते, हा त्या वेळचा मोठा प्रश्न होता. ग्लायकोजेन आणि लॅक्टिक अॅसिड हे त्याचे उत्तर मानले जात होते आणि त्या कामासाठी आर्चिबाल्ड हिल व ओटो मेयरहॉफ यांना १९२२चे नोबेलही मिळाले होते. १९२७ मध्ये फिस्के आणि सुब्बाराव यांनी फॉस्फोक्रिएटिन हा पदार्थ दाखवला. स्नायू आकुंचन पावला की तो घटतो आणि विश्रांती मिळाली की पुन्हा भरून येतो. जुने उत्तर अपुरे ठरले. १९२९ मध्ये त्यांनी स्नायूंतून एटीपी वेगळे केले. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते स्वतंत्रपणे सापडले होते. जिवंत पेशीत खर्च होणाऱ्या ऊर्जेचे सुटे पैसे म्हणजे एटीपी. दहावीनंतर विज्ञान घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पुस्तकात ते आहे.

१९३० मध्ये सुब्बाराव यांना पीएचडी मिळाली, पण हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९८८चे नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज यांनी पुढे नोंदवले, की सुब्बाराव यांनी वेगळे केलेले काही पदार्थ फिस्के यांच्या असूयेमुळे वेळेत प्रकाशात आले नाहीत आणि इतरांना ते नव्याने शोधावे लागले. १९४० मध्ये सुब्बाराव यांनी विद्यापीठ सोडले आणि न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील ‘लेडर्ले’ या औषध कंपनीत गेले. दोन वर्षांत ते तिथल्या संशोधनाचे संचालक झाले.

लेडर्लेमधल्या आठ वर्षांत काय घडले?

त्यांच्या हाती आता मोठी प्रयोगशाळा आणि वेगवेगळ्या विषयांची माणसे होती. रसायनशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, प्राण्यांवर चाचण्या घेणारे आणि रुग्णालयातले डॉक्टर यांना त्यांनी एका कामाला जुंपले. औषधशोधाची ही पद्धत आज सर्रास दिसते, तेव्हा ती नवी होती. या विभागातून आलेली चार कामे अशी :

• फोलिक अॅसिड : यकृतात अगदी अल्प असणारे हे जीवनसत्त्व लेडर्लेच्या चमूने वेगळे केले, त्याची रचना ओळखली आणि १९४५ मध्ये ते कृत्रिमरीत्या तयार केले. स्प्रूच्या रुग्णांना त्याचा स्पष्ट फायदा झाला. ज्या आजाराने सुब्बाराव यांचे दोन भाऊ नेले, त्यावर उपाय त्यांच्याच विभागातून आला, पण भावांच्या मृत्यूनंतर पाव शतकाने. गरोदर बाईला आज आरोग्य केंद्रातून लोह आणि फोलिक अॅसिडची गोळी मिळते, ती हीच.

• कर्करोगावरील औषध : पेशी वाढायला फोलिक अॅसिड लागते. मग त्याच्यासारखा दिसणारा, पण काम न करणारा तोतया पदार्थ दिला तर कर्करोगाच्या पेशींची वाढ अडेल का? लेडर्लेने असे पदार्थ बनवले. त्यांतले अमिनोप्टेरिन बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार १६ पैकी १० मुलांमध्ये आजार तात्पुरता मागे हटला. त्याआधी असे कधी दिसले नव्हते. याच कुळातले मेथोट्रेक्सेट आज कर्करोगासाठी आणि संधिवातासाठीही वापरले जाते.

• ऑरिओमायसिन : वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक बेंजामिन डग्गर यांना सुब्बाराव यांनी लेडर्लेत आणले. मातीच्या नमुन्यांतून जंतुनाशक पदार्थ शोधणे हे त्यांचे काम. त्यातून टेट्रासायक्लिन वर्गातले पहिले प्रतिजैविक मिळाले आणि १९४८ मध्ये ते जगासमोर आले.

• डायइथिलकार्बामाझिन, अर्थात डीईसी : हत्तीरोगावरची गोळी. ‘हेट्राझान’ हे तिचे बाजारातले नाव.

हत्तीरोगाची गोळी कशी सापडली?

हत्तीरोग भारतात आणि आफ्रिकेत शेकडो वर्षे होता, तरी कोणत्याही मोठ्या कंपनीने त्यावर औषध शोधण्यासाठी पैसा ओतला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवर लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांना हा आजार होऊ लागला, तेव्हा निकड निर्माण झाली. तोवर अँटिमनी आणि आर्सेनिकयुक्त इंजेक्शने होती. ती विषारी होती आणि त्यांचा गुणही बेताचाच होता.

लेडर्लेच्या चमूने आधी चाचणीची सोय उभी केली. माणसाचा हत्तीरोगाचा कृमी प्रयोगशाळेत सहज जगत नाही. म्हणून त्याच्या नात्यातला कृमी असलेले ‘कॉटन रॅट’ जातीचे उंदीर आणि कुत्रे घेतले गेले. मग एकामागून एक रसायने देऊन रक्तातली पिल्ले घटतात का ते पाहिले. पायपराझिन या सांगाड्यावर उभारलेला एक पदार्थ उजवा ठरला. तोंडाने घेता येत होता, विषारीपणा कमी होता आणि रक्तातली पिल्ले झपाट्याने नाहीशी होत होती. १९४७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी पोर्तो रिकोतल्या रुग्णांवरील उपचारांची माहितीही आली. शोधनिबंधावर अनेक नावे होती, त्यांत सुब्बाराव यांचेही होते.

गोळी काम करते हे लगेच कळले. ती कशी काम करते, हे कोडे मात्र पुढे कित्येक दशके टिकले. काचेच्या बशीत कृमी ठेवून त्यावर डीईसी टाकले तर त्यांना फारसे काही होत नाही. शरीरात मात्र काही तासांत पिल्ले नाहीशी होतात. कारण हे औषध एकट्याने लढत नाही. ते कृमीवर परिणाम करते आणि आपल्या शरीरातल्या दाहाशी संबंधित रासायनिक साखळीतही हस्तक्षेप करते. मग आपली रोगप्रतिकारशक्ती उघड्या पडलेल्या कृमीवर तुटून पडते. म्हणजे ‘एक औषध, एक लक्ष्य’ या चौकटीत ही गोळी पहिल्यापासूनच बसत नव्हती.

त्यांचा शेवट कसा झाला?

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, सुब्बाराव यांचे झोपेतच हृदयविकाराने निधन झाले. हत्तीरोगाची गोळी बाहेर येऊन जेमतेम वर्ष झाले होते. फार्बर यांचा निबंध येऊन दोन महिने झाले होते आणि ऑरिओमायसिनची चर्चा नुकतीच सुरू झाली होती.

अमेरिकेत सुमारे पाव शतक काढूनही ते तिथले नागरिक नव्हते. भारतीयांना नागरिकत्व मिळण्याची वाट तिथल्या कायद्याने १९४६ मध्ये मोकळी केली, पण त्यांनी ते घेतले नाही. स्वतंत्र भारतात यायलाही त्यांना वेळ मिळाला नाही. नोबेल मिळाले नाही. श्रेय घेण्यासाठी पुढे होण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता आणि बहुतेक शोध चमूच्या किंवा कंपनीच्या नावाने ओळखले गेले. पुढे एका बुरशीला ‘सुब्बारोमायसिस’ असे नाव देण्यात आले आणि १९९५ मध्ये, जन्मशताब्दीला, भारताच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

एका गोळीच्या तीन गोळ्या का झाल्या?

भारताने १९५५ मध्ये राष्ट्रीय फायलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याचा कणा डीईसीच होता. २००४ पासून बाधित जिल्ह्यांतल्या सर्व पात्र लोकांना वर्षातून एकदा गोळ्या द्यायची मोहीम देशभर सुरू झाली. त्यात पुढे अल्बेंडाझोलची भर पडली.

अडचण अशी, की डीईसी पिल्लांना चटकन संपवते, पण सगळे मोठे कृमी तिने मरत नाहीत. मोठा कृमी जिवंत राहिला तर काही महिन्यांनी पुन्हा पिल्ले सोडू लागतो. म्हणून त्याचे आयुष्य संपेपर्यंत, म्हणजे किमान पाच वर्षे, दरवर्षी गोळी घेत राहावे लागते. एखादे वर्ष चुकले की साखळी पुन्हा जुळते.

यावर उपाय म्हणून आले तिसरे औषध, आयव्हरमेक्टिन. आता तिन्ही औषधे कृमीला वेगवेगळ्या ठिकाणी गाठतात :

• डीईसी कृमीला उघडे पाडते आणि आपल्या रोगप्रतिकारशक्तीला कामाला लावते.

• अल्बेंडाझोल कृमीच्या पेशींचा आतला सांगाडा उभा राहू देत नाही. मग त्याला अन्न शोषता येत नाही.

• आयव्हरमेक्टिन कृमीच्या नसा आणि स्नायूंमधली क्लोराइडची दारे उघडी ठेवते. कृमी लुळा पडतो.

पापुआ न्यू गिनीमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन औषधांचा एकच डोस घेतलेल्यांपैकी ९६ टक्के लोकांच्या रक्तात वर्षभरानंतरही पिल्ले आढळली नाहीत. दोनच औषधे घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ३२ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्येच निवडक भागांसाठी तीन औषधांची शिफारस केली होती. भारतात सुरुवातीला जे मोजके जिल्हे निवडले गेले, त्यांत नागपूर होता. जानेवारी २०१९ मध्ये इथे तिहेरी औषधांची मोहीम झाली.

हे त्रिकूट सगळीकडे वापरता येत नाही. आफ्रिकेच्या मोठ्या भागात डोळ्यांना इजा करणारा ‘रिव्हर ब्लाइंडनेस’ हा दुसरा कृमीरोग आहे. तो असलेल्या माणसाला डीईसी दिले तर धोका होऊ शकतो. भारतात तो आजार नाही, म्हणून आपल्याला तिन्ही औषधे एकत्र घेता येतात.

विदर्भाने ही युक्ती आधीही पाहिली आहे. कुष्ठरोगावर एकटे डॅप्सोन वापरून जंतू निर्ढावू लागले, तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिनची जोड देऊन बहुविध औषधोपचार सुचवला. देशात ज्या जिल्ह्यांत तो सर्वांत आधी सुरू झाला, त्यांत आपला शेजारचा वर्धा होता. जंतूला एका वाटेने निसटता आले तरी तिन्ही वाटा एकाच वेळी बंद असल्या की सुटका अवघड होते.

बहुलक्ष्य औषध म्हणजे काय?

अनेक लक्ष्यांवर मारा करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, वेगवेगळ्या गोळ्या एकत्र देणे. दुसरा, एकाच रेणूने दोन-तीन ठिकाणी काम करावे असे औषध घडवणे. त्यालाच बहुलक्ष्य औषध म्हणतात. जगभरात दुर्लक्षित आजारांसाठी या दुसऱ्या मार्गावर बरेच संशोधन चालू आहे. गोळ्या कमी झाल्या तर मोहीम सोपी होईल आणि कृमीला औषधाविरुद्ध तग धरणे कठीण जाईल, ही त्यामागची अपेक्षा.

काम सोपे नाही. एका कुलपासाठी किल्ली घडवणे आणि तीन कुलपांना लागणारी एकच किल्ली घडवणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. एका लक्ष्याला पुरेसा डोस दुसऱ्याला अपुरा पडू शकतो. जास्त लक्ष्ये म्हणजे माणसाच्या शरीरातही नको तिथे परिणाम होण्याची शक्यता जास्त. आणि हे औषध निरोगी दिसणाऱ्या लाखो लोकांना द्यायचे असल्याने सुरक्षिततेची अट कडक असते.

यातही सुब्बाराव यांचा वारसा एका वेगळ्या वाटेने पुढे आला आहे. हत्तीरोगाच्या कृमीच्या पोटात ‘वोल्बाकिया’ नावाचे जंतू राहतात आणि त्यांच्याशिवाय कृमीला वंश वाढवता येत नाही. डॉक्सीसायक्लिनने हे जंतू मारले की मोठा कृमी वांझ होतो आणि हळूहळू मरतो, असे संशोधनात दिसले. डॉक्सीसायक्लिन हे टेट्रासायक्लिन कुळातले, म्हणजे ऑरिओमायसिनच्या घराण्यातले. पण ते चार ते सहा आठवडे रोज घ्यावे लागते, गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना देता येत नाही, म्हणून सामूहिक मोहिमेत ते चालत नाही. यापेक्षा कमी दिवसांत काम करणारा रेणू हवा आहे.

या आजारांना ‘दुर्लक्षित’ का म्हणतात?

तीन गोळ्यांचा उगम पाहिला की कारण लक्षात येते. डीईसीचा शोध लागला तो परक्या सैनिकांना आजार झाल्यावर. अल्बेंडाझोल आधी जनावरांच्या जंतांसाठी आले. आयव्हरमेक्टिन जपानच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून बनले आणि तेही आधी गुराढोरांचे औषध म्हणून विकले गेले. त्याचे शोधक सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५चे नोबेल मिळाले. तिन्ही औषधे हत्तीरोगाच्या गरीब रुग्णासमोर पोहोचली ती दुसऱ्या कुणासाठी तरी बनल्यानंतर. नालीकाठी राहणारा माणूस महागडे औषध विकत घेऊ शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी बाजार नाही, आणि बाजार नाही म्हणून संशोधन नाही. दुर्लक्ष हे असे असते.

आता चित्र थोडे बदलले आहे. ‘ईसाई’ ही जपानी कंपनी २०१३ पासून जागतिक आरोग्य संघटनेमार्फत गरजू देशांना डीईसी मोफत देते. त्या गोळ्या विशाखापट्टणमच्या कारखान्यात बनतात, म्हणजे सुब्बाराव यांच्याच आंध्रात.

औषध आहे, मग आजार का जात नाही?

जाऊ शकतो. चीनने मिठात डीईसी मिसळून आणि गोळ्या वाटून हत्तीरोग हटवला, २००७ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले. श्रीलंकेने २०१६ मध्ये ते साधले. भारताने २०१५ची मुदत ठेवली होती, ती चुकली. आता लक्ष्य २०२७चे आहे.

मुख्य अडचण गोळी मिळण्यापेक्षा ती गिळण्याची आहे. एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी ती प्रत्यक्ष घेतली, तरच साखळी तुटायला सुरुवात होते. म्हणून सेविका समोरच गोळी घ्यायचा आग्रह धरते. हे लक्षात ठेवा :

• गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नका. काहीतरी खाऊन, सेविकेसमोरच घ्या. अल्बेंडाझोल चावून खायची असते.

• दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्तींना या गोळ्या देत नाहीत. आयव्हरमेक्टिन पाच वर्षांखालील मुलांना देत नाहीत आणि त्याचा डोस उंचीवर ठरतो. बाळंतीण असाल किंवा आधीपासून आजार असेल तर तसे आधी सांगा.

• गोळीनंतर कुणाला ताप, डोकेदुखी, मळमळ किंवा खाज येऊ शकते. बहुतेक वेळा रक्तातली पिल्ले मरत असल्याचे ते लक्षण असते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. त्रास वाढला तर लगेच आरोग्य केंद्रात जा.

• ‘मला काही झालेले नाही’ हे गोळी टाळायचे कारण होऊ शकत नाही. रक्तात पिल्ले असलेल्या बहुतेकांना तसेच वाटत असते.

• संडासाच्या टाकीच्या हवेच्या नळीला जाळी बांधा, नाली वाहती ठेवा, सांडपाण्यासाठी शोषखड्डा करा, मच्छरदाणी वापरा.

सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने आपले काम १९४७ मध्येच पूर्ण केले. त्याला पाऊण शतक उलटून गेले आहे. मोहिमेच्या दिवशी फ्रिजवर राहिलेली गोळी कुणाच्याही रक्तात काही करू शकत नाही. पुढच्या वेळी सेविका दारात आली की गोळ्या तिच्यासमोरच घ्या आणि घरातल्या इतरांनाही घ्यायला लावा.